यादीवाले आप्पा

आप्पांनी उभ्या जन्मात एक फोटो विकत घेतला नाही, पण फोटोंच्या याद्या मात्र ट्रंकभर जमवल्या. मुंबईला, पुण्याला, कुठे लांब कलकत्त्याला साहेबलोक फोटोंची प्रदर्शनं भरवत. भिंतीवर काय काय टांगलं आहे त्याची एक छापील चोपडी दारात मिळे, तिला कॅटलॉग म्हणत. नंबर, फोटो कशाचा, काढणाऱ्याचं नाव, संपलं. आत चित्र म्हणून एक नाही. प्रदर्शन उठलं की लोक ती टाकून देत आणि आमचे वडील ती मिळवून आणत. आमच्या दहिवली गावात त्यांना सगळे यादीवाले आप्पा म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, तरी कोणी तसं म्हटलं की मला अजून राग येतो. कोणाचा येतो, ते धड मलाही सांगता येत नाही.

कर्जत स्टेशनात ते मालाचे कारकून. घाट चढायला गाडीला आणखी इंजिन जोडीपर्यंत ती तिथे खोळंबे, तेवढ्यात आप्पा पगडी सावरत पहिल्या वर्गाच्या डब्यांपाशी जात आणि प्रदर्शनाचं बुक आहे का म्हणून विचारत. कोणी देई, कोणी खिडकी लावून घेई. एका मडमेने तर चोपडी हातात न देता फलाटावर टाकली. आप्पांनी ती वाकून उचलली, उपरण्याने पुसली आणि घरी येऊन ते सगळं मलाच आनंदाने सांगितलं.

"मद्रासची आहे, गोदे! आपल्याकडे मद्रासची नव्हती."

"तुम्हाला काही वाटत नाही का हो, आप्पा?"

"काय वाटायचं? फोटो ज्याचा तो घरी नेतो. यादी कोण नेतं?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी विसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून सासरहून परत आलेली, गावाने आधीच माझ्याकडे बघून चुकचुकायचं, आणि त्यात वडिलांचं हे भिकाऱ्यासारखं वागणं.

त्या ट्रंकेची बडदास्त मात्र राजाची. कसर लागू नये म्हणून तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला, वर वेखंडाचे तुकडे. हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. स्टेशनातल्या कोळशाचे डाग वेष्टनावर पडत, ते काढायला आप्पा शिळा पाव आणत. आमच्या घरात पाव यायची सोय नव्हती, म्हणून तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असे आणि आप्पा गाईशेजारी बसून पावाच्या गराने हळूहळू डाग खरवडत. मलाही त्यांनीच ते शिकवलं. "दाबायचं नाही, गोदे. कागदाला कळता कामा नये."

वाचायलाही त्यांनीच शिकवलं. पण छापील बाळबोध तेवढं. हाताने लिहायची मोडी मला येत नव्हती आणि त्यांनी येऊ दिली नाही. "मोडी कचेरीची. तुला कुठे कचेरीत जायचंय?" म्हणाले आणि विषय संपला. स्वतः मात्र सारखे काहीतरी मोडीत टिपत असत. पेन्सिल कानावरच असे. मालगाडीच्या वाघिणींचे आकडे, कोणाला पत्र घालायचं, सुताराला काय सांगायचं, जे हाताशी येईल त्यावर खरडायचे. पंचांगावर खरडायचे, माझ्या पोथीच्या कोऱ्या पानावर खरडायचे. कॅटलॉगांच्या कडाही तशाच भरलेल्या होत्या.

आईबद्दल विचारलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. मी तीन वर्षांची असताना ती गेली. मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही.

"आई कशी होती हो?"

"चांगली होती. पान वाढ."

भांडी घासायला येणारी ठकी तिला ओळखत होती. तिच्या मागे लागले तर म्हणे, "गोरी व्हती, मायाळू व्हती, आनि काय सांगू गं!" मेलेल्या सगळ्याच बायका गोऱ्या आणि मायाळू असतात. पण ठकीनेच एकदा सांगितलं, "तुज्या आयला फोटू काढायचा व्हता. लई मागं लागली व्हती. आप्पा म्हनलं, घरंदाज बाया परक्या मान्सापुडं बसत नाय. पुडच्या साली तर ती नव्हतीच." मी ते ऐकून घेतलं. आप्पांना विचारायचा धीर झाला नाही.

पुढे आप्पांना धूसर दिसू लागलं. त्याच सुमाराला मुंबईच्या एका मोठ्या गृहस्थांचं पत्र आलं, तुमचा संग्रह दुर्मिळ आहे असं कळतं, बघायला येतो. आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. यादीवाल्याकडे कोणीतरी मुद्दाम येतंय! मलाही जन्मात पहिल्यांदा त्या ट्रंकेचा अभिमान वाटला. ट्रंक उघडून बघते तर एकेक चोपडी खरडून खरडून घाण केलेली. म्हटलं, त्या माणसाला हे वाघिणींचे आकडे दाखवायचे? आप्पा कामावर असताना मी गोठ्यात बसले आणि तीन दिवस, दोन पाव संपेपर्यंत, सगळ्या कडा पुसून काढल्या. दाबलं नाही. कागदाला कळू दिलं नाही.

गृहस्थ आले, पानं उलटली आणि म्हणाले, "इतक्या स्वच्छ प्रती मी मुंबईतही पाहिल्या नाहीत." आप्पांना एव्हाना पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसत नव्हती, नुसता कागदाचा पांढरेपणा दिसायचा. ते म्हणाले, "आमच्या गोदीचा हात आहे." मी दाराआड उभी होते. केवढी फुशारले होते मी!

वर्षभरात डोळे पुरते गेले. डॉक्टर काचबिंदू म्हणाला, इलाज नाही म्हणाला. पाचव्या दिवशी दुपारी आप्पांनी शेजारच्या रघुनानांना बोलावणं पाठवलं. रघुनाना जुने कुलकर्णी, मोडी त्यांना पाण्यासारखी येई. आप्पांनी स्वतः ट्रंकेत हात घातला आणि चाचपून तळची एक चोपडी काढली.

"पुण्याची आहे. एकशे बारा नंबर बघा. त्याच्याशेजारी मी लिहिलंय, ते वाचा. सावकाश वाचा."

रघुनानांनी पान उजेडात धरलं, तिरपं केलं. "आप्पा, इथे काही नाही. पुसल्यासारखं दिसतंय."

आप्पांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं.

"कोणी पुसलं?"

"मी," म्हटलं. "पाहुणे यायचे होते म्हणून. सगळंच पुसलं."

मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझी आई होती ती."

मग त्यांनी सांगितलं. आई चौक गावची. तिथल्या पाणवठ्याचा फोटो माथेरानला जाणाऱ्या कोणा साहेबाने काढला होता, आणि ती गेल्यावर वर्षाने तो पुण्याच्या प्रदर्शनात आप्पांच्या पुढ्यात आला. पाणी भरणाऱ्या बायकांत दुसरी ती. फोटो विकायचा नव्हता, साहेब विलायतेला गेला होता. आप्पा दिवसभर त्या भिंतीपुढे उभे राहिले आणि ती कशी दिसते ते बारीकसारीक यादीच्या कडेला लिहून घेतलं. पुढे वीस वर्षं प्रत्येक यादी त्यांनी एवढ्यासाठी मिळवली, की तो पाणवठा पुन्हा कुठे टांगलाय का ते कळावं. तो कुठेच टांगला नाही.

रघुनाना चपला घालून निघून गेले, आणि मी ओरडले. बापावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "मग सांगायचं होतंत की! दरवर्षी विचारत होते मी. पान वाढ म्हणालात! मला मोडी शिकवली असतीत तर मी आईला हाताने पुसलं असतं का हो?"

शेवटी मीच म्हटलं, "आता सांगा. कशी होती?"

"डोक्यावर हंडा होता," ते म्हणाले. "डावा हात वर होता."

"आणि चेहरा? नाक? डोळे?"

त्यांच्या पापण्या नुसत्या फडफडल्या. "लिहून ठेवलं होतं ना, म्हणून ध्यानात ठेवलं नाही गं."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मी पुढ्यात बसले. त्यांनी माझं कपाळ चाचपलं, भुवया, नाक, गाल, हनुवटी, पुन्हा नाक. मी मनात म्हणत होते, देवा, कुठेतरी असू दे, एवढीशी असू दे.

त्यांनी हात मागे घेतला. "नाही," म्हणाले, "तू माझ्यावर गेलीस."