डांबर न लावलेली होडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि मी वजनकाट्याचा काटा शून्याच्या मागे सरकवून मगच वर चढतो, हे तिला चांगलं माहीत आहे.

मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडे एक वाडी आहे. तिच्यासाठी आम्ही साकव, म्हणजे पायी जायचा पूल, बांधत होतो. म्हणजे बांधत होते दुसरे. मी प्लॅनिंग इंजिनिअर – पत्र्याच्या ऑफिसात बसून काम कुठवर आलं ते सांगणारा. सुरुवातीला ठरलेलं वेळापत्रक गोठवून ठेवायचं, ती बेसलाइन. दर महिन्याला काम तिच्याशी ताडायचं. मागे पडलं तर स्क्रीनवर पट्टी लाल, नाहीतर हिरवी. यात घोळ घालायला अक्कल लागते. मी घातला.

दुसऱ्याच महिन्यात काम चाळीस दिवस मागे होतं. अहवाल करताना मी भलतंच बटण दाबलं – आणि मूळ बेसलाइनच्या जागी त्या दिवशीचं, उशीर धरलेलं वेळापत्रक जाऊन बसलं. चाळीस दिवस गायब. पट्टी हिरवीगार. दुरुस्त करणारच होतो, पण तेवढ्यात साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. थोपटलेली पाठ परत कशी द्यायची?

पुढे दर महिन्याला तेच केलं. आता चुकून नव्हे.

एवढंच असतं तर हसत हसत सांगितलं असतं – नाही का?

उन्हाळ्यात भिकूबाबा आले. वाडीत होडी एकच, त्यांची. नववीतली त्यांची नात सारिका तिच्यातूनच शाळेला जायची.

"सायेब, औंदा होडीला डांबर लावू का नको? साकव पावसाआधी हुतुय म्हनत्यात. का निस्ता कागदावं हुतुय?"

खिडकीतून मला दिसत होतं – एकही खांब पाण्याबाहेर आलेला नव्हता. तरी मी स्क्रीनकडे पाहिलं. "कशाला बाबा, काम वेळेवर आहे."

हिरव्या पट्टीवर माझा विश्वास बसला होता? छे. खरं बोललो असतो तर ते वाडीतून साहेबांपर्यंत गेलं असतं. मी घाबरलो – बस.

उन्हानं होडीच्या फळ्या फाकल्या. पाऊस लागला तेव्हा साकवाचे दोन खांब उभे होते, आणि होडी पाण्यात घातली की भरत होती. ओल्या लाकडाला डांबर धरत नाही. डोंगराच्या वळशानं शाळा तीन तासांवर. सारिका घरी बसली. मग गेलीच नाही.

साकव पुढच्या वर्षी झाला. त्याच्या तोंडाशी फलक आहे : 'काम मुदतीत पूर्ण.' मजकूर माझा. त्याच्यासमोरून सारिका रोज अलीकडच्या रिसॉर्टात चादरी धुवायला येते. परवा भेटली.

"काका, साकव लई भारी झालाय," म्हणाली.

डांबर नको असं कोण म्हणालं होतं, ते भिकूबाबांनी तिला सांगितलेलं दिसत नाही.

मी 'हो' म्हणालो.