आत्यांच्या शिकवणीतलं मेंढरू

माझ्या नवऱ्याच्या आत्यांइतकं जागेपणी झोपलेलं माणूस अख्ख्या बेंगळुरूत शोधून सापडणार नाही. इथल्या शिवाजीनगरला बसमध्ये बसतात, पुढच्याच कुठल्यातरी स्टॉपवर उतरायचं असतं, आणि फोन येतो थेट यशवंतपूरहून. "अगं, ढग फार छान होते की गं आज." दूध गॅसवर ठेवून खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. ते उतू जातं, भांडं करपतं, शेजारच्या अक्का धावत येऊन गॅस बंद करतात आणि कन्नडमधून चांगल्या झाडतात, तरी आत्या आपल्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत पुन्हा खिडकीबाहेर. मी पुण्याची, घड्याळाच्या काट्यावर वाढलेली. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, या बाईंना कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं. पुढे सवय झाली, आणि मग कधीतरी त्यांचा हेवाही वाटायला लागला.

आमच्या चर्चमध्ये दर नाताळाच्या आधी लहान मुलांची भाषणस्पर्धा असते. पवित्र शास्त्रातली एक गोष्ट पाठ करायची आणि घंटा वाजायच्या आत स्टेजवर उभं राहून सांगायची. इंग्रजी, कन्नड, तमिळ असे विभाग, आणि शेवटी मराठी, कारण एके काळी बेळगावकडून आलेली बरीच कुटुंबं या चर्चमध्ये होती. आता आम्ही मोजकेच उरलो, आणि आमची पोरं भांडतात तीसुद्धा इंग्रजीतून. मराठीची तयारी करून घेणार आत्या, आणि त्यांची पद्धत जगावेगळी. बाकीच्या बाया मुलांना हातवारे शिकवतात. आत्या चटई अंथरून मुलांना आडवं करतात आणि डोळे मिटायला लावतात. "आधी बघायचं. दिसलं की तोंड आपोआप चालतंय." मग स्वतःही शेजारी आडव्या होतात. "डोंगर दिसला का? गवत ओलं आहे का बघा." थोड्या वेळानं मी चहा घेऊन जावं, तर आत्या मंद घोरताहेत आणि मुलं आपली डोंगरात हिंडताहेत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तर त्यांच्या जिवाभावाची. एकदा ऐन उपदेशात उभं राहून त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, की मेंढपाळ त्या एकाला शोधायला गेला तेव्हा बाकीच्या नव्व्याण्णवांजवळ कोण होतं. पाळकसाहेब मोठे सज्जन, पण त्या रविवारी उपदेश लवकर आटोपला.

यंदा तेच पाळकसाहेब घरी आले. चहाचा कप हातात नुसता धरून म्हणाले, "आत्या, मराठीत एकच नाव आलंय. तेही भाषण झालं नाही, तर पुढच्या वर्षी मराठी ठेवणं मला जमायचं नाही." ते एक नाव आमच्या लेकीचं, एस्तेरचं. वय वर्षं पाच. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत, आणि फार लाडात आली तर कन्नडमध्ये. त्या दिवसापासून आत्या एकदम जाग्या झाल्या. बस चुकेना, दूध उतू जाईना. मला तर भीतीच वाटायला लागली. "माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू नये, एवढंच गं," असं मला म्हणाल्या. एस्तेरला हरवलेल्या मेंढराचं अख्खं भाषण तोंडपाठ झालं.

स्पर्धेच्या दिवशी ती निळा फ्रॉक घालून स्टेजवर गेली. "ख्रिस्तामध्ये सर्वांना माझा सलाम," इतकं खणखणीत म्हणाली की मागचे लोकही सरसावून बसले. आणि मग शिकवल्याप्रमाणे तिनं डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. ओठांवर हसू, पण शब्द नाही. पहिलं वाक्य पुटपुटून द्यावं म्हणून मी आत्यांना कोपरानं ढोसलं, तर त्यांचेही डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर तेच हसू. घंटा वाजली. एस्तेरनं डोळे उघडले आणि चवड्यांवर चालत खाली आली. लोकांनी बिचारी म्हणून टाळ्या वाजवल्या.

माझा धीर सुटला. "अगं, पाठ होतं ना तुला? विसरलीस कशी?" तिनं ओठांवर बोट ठेवलं, आत्यांच्या मांडीवर चढली, आणि कुणी न सांगता, आपण होऊन, मराठीत म्हणाली, "विसरले नाही. मेंढरू मेंढपाळाच्या खांद्यावर झोपलं होतं, आत्याआजी. मी बोलले असते तर उठलं असतं."

आत्यांच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात पाळकसाहेब जवळ आले. "आत्या, मला फार वाईट वाटतंय, पण मराठीचं आता..."

"हळू बोला की, साहेब," आत्या म्हणाल्या. "आत्ताच झोपलंय."

मराठी विभाग बंद व्हायचा तो झालाच, आणि ते दुःख आत्यांना झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी हॉल रिकामा झाला तरी आम्ही तिघी तिथेच बसून होतो. मेंढपाळ दमला होता का, वाटेत अंधार होता का, घरी पोचल्यावर दार कुणी उघडलं, असं आत्या एकेक विचारत होत्या. आणि माझी लेक सगळ्याची उत्तरं मराठीत देत होती, अगदी हळू आवाजात.