सोन्याच्या पावलांनी

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. माझ्या आईने तेही आणून दाखवलं, आणि नेमकं ज्या दिवशी आणायला नको होतं त्या दिवशी आणलं.

आम्ही तेव्हा कलकत्त्याच्या बेहाला भागात राहत होतो. वडील तिथल्याच एका कारखान्यात हिशेबनीस होते. सत्तरच्या आसपासचा तो काळ. कलकत्त्यात आज संप, उद्या घेराव, परवा टाळं असं चाललेलं. आमच्या कारखान्याला टाळं लागलं ते उघडेचना. आईचे दागिने एकेक करून गेले. मी शाळेतून चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि मला फिजिक्स शिकायचं होतं. वेडच होतं ते. कॉलेजात नावही लागलं, पण पहिली फी भरतानाच घर खरवडून निघालं. पुढचं शिक्षण व्हायचं तर सरकारी शिष्यवृत्ती मिळायलाच हवी होती, नाहीतर टायपिंगचा क्लास. मधला रस्ता नव्हता.

अर्ज करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. ही खिडकी, ती खिडकी, आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही. आम्ही मुळात इथले की महाराष्ट्रातले, यावरच एका बाबूने आठवडे घालवले. मी जन्मले कलकत्त्यात, बंगाली त्याच्यासारखीच बोलत होते, तरी तो माझ्या आडनावाकडे बघून मान हलवायचा. कागदांवर सही करणारा मोठा अधिकारी हवा म्हणून वडील आपला एकुलता एक कोट घालून फोर्ट विल्यमला, लष्कराच्या ठाण्यावर गेले. तिथे बदलीवर आलेले एक मराठी मेजर होते, त्यांनी सह्या केल्या. शेवटी अर्ज आत गेला. बाबू म्हणाला, आता घरी चौकशीला माणूस येईल, परिस्थिती बघेल, मग झालं. तो कधी येईल हे मात्र कुणी सांगेना.

तो आला गौरीपूजनाच्या दिवशी.

बंगाल्यांना त्या दिवसाचं काही नसतं. त्यांची देवी यायला अजून अवकाश होता, ऑफिसं चालू होती. आणि आमच्या घरात गौरी नटूनथटून उभ्या. त्या वर्षी साधेपणाने करू, असं वडील म्हणाले होते. आईने ऐकलं नाही. मेजरांच्या बायकोला बदलीच्या घरात गौरी बसवता येत नव्हत्या. तिने हौसेने आपल्या पैठण्या, पाटल्या, चपलाहार आमच्या गौरींच्या अंगावर घालायला आणून दिले होते. आदल्या दिवशी मीच गौर घरात आणली होती. उंबऱ्यावर आईने रिवाजाप्रमाणे विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? मी म्हटलं, सोन्याच्या पावलांनी. मग तिला घर दाखवायचं, कपाट दाखवायचं, धान्य दाखवायचं. गौरीला रिकामा डबा दाखवत नाहीत. म्हणून आईने तांदळाच्या डब्यात तळाशी पातेलं उपडं घातलं होतं आणि वर तांदूळ पसरून डबा काठोकाठ केला होता.

चौकशीचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा वडील सियालदहला गेले होते, नैवेद्याच्या सोळा भाज्या घाऊक बाजारात स्वस्त पडतात म्हणून. माणूस वयस्कर होता. धोतर नेसलेला, हातात छत्री, चपला बाहेर काढून आत आलेला. गौरी बघून त्याने हात जोडले. त्याच्या डोळ्यांनी मी आमचं घर बघत होते आणि मला सगळीकडे सोनंच दिसत होतं.

त्याने आईला हिंदीत, अगदी अदबीने विचारलं की घर कसं चालतं, अडचण आहे का, खायला-प्यायला पुरतं का. सरळ सोपे प्रश्न. त्या बिचाऱ्याला 'नाही' एवढंच ऐकायचं होतं, ते लिहून तो गेला असता.

आई गौरींकडे बघून म्हणाली, "सब भरपूर है. लक्ष्मी की कृपा है."

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. आई, अगं काय बोलतेस तू, खरं सांग ना त्यांना, म्हणून अक्षरशः विनवलं. ती हळूच पण ठाम म्हणाली, "गौरींसमोर नाही म्हणायचं नसतं." आमच्याकडे कुंकूसुद्धा संपलं म्हणत नाहीत. आणि वर गौरींपुढे आधी एक पोळी ठेवून तिने त्या माणसाला पाट मांडून पुरणपोळी वाढली. पोळीवर तूप. ते तूप शेजारून उसनं आणलेलं होतं, ते मला माहीत होतं. तो मनापासून जेवला.

तो निघाल्यावर मी जिन्यात त्याच्यामागे धावले. बंगालीत सगळं सांगून टाकलं. दागिने परक्याचे, साड्या परक्याच्या, डब्यात पातेलं. लाज सोडली मी. त्याने ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरी, पूजेच्या दिवशी देवीसमोर तुझी आई खोटं कशाला बोलेल?"

यावर काय बोलणार! कपाळ माझं.

दुर्गापूजेनंतर नकार आला. हातातोंडाशी आलेला घास आईने स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या पानात वाढला, असं मी वडिलांना म्हटलं. आई म्हणाली, तेव्हा नाही म्हटलं असतं तर जे आहे तेही गेलं असतं. "आहे काय?" मी विचारलं. ती उठून चुलीकडे वळली आणि मला तिचा चेहरा बघवेना. पुढची फी भरायची वेळ आली तेव्हा माझं नाव कॉलेजातून निघालं. पुस्तकं परत केली त्या दिवशी ट्रामने न येता मी चालत आले, कारण घरी लवकर पोचून करायचं काय होतं?

पुढच्या भाद्रपदात मी एका ऑफिसात टायपिस्ट होते. वडील अजून घरीच. गौर आणायला पुन्हा मीच. मनाशी पक्कं ठरवलं होतं की या वेळी आईने विचारलं की सांगायचं, कसली पावलं अन् कसलं सोनं, काही नाही आमच्याकडे. उंबऱ्यावर उभी राहिले. आईने विचारलं. तिचा आवाज जरा कापला, तिला माझा स्वभाव माहीत होता.

माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

"सोन्याच्या पावलांनी," मी म्हटलं.

मग आम्ही गौरीला घर दाखवलं. आईने तांदळाचा डबा उघडला आणि माझा हात धरून आत खोल घातला. पातेलं लागलं नाही. तळापर्यंत तांदूळच होते, माझ्या पगाराचे.