लातूरला पाठवलेले डबे

मुलगी बारावीनंतर डॉक्टरकीच्या तयारीसाठी लातूरला गेली आणि धाराशिवच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. तिचे वडील ती चौथीत असतानाच गेले होते. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. ती गेल्यावर घर किती शांत होईल याचा मी विचारच केला नव्हता.

मी कोर्टात नोकरीला. दिवस माणसांत जायचा. संध्याकाळी घरी आलं की तिच्या फोनची वाट बघायची. होस्टेलवर मोबाईल ठरल्या वेळीच मिळायचा. ती घाईत बोलायची. पेपर कसा गेला विचारलं की म्हणायची, "बरा गेला." तेवढ्यात फोन मागायला दुसरी कुणीतरी आलेली असायची.

फोन ठेवला की मी शेवेचं पाकीट उघडायची. भूक नसायची. टीव्ही लावायचा, हात पाकिटात जायचा आणि तळाशी चुरा लागला की कळायचं, संपलं. मग स्वयंपाक करावासाच वाटायचा नाही. एकटीसाठी भाकरी थापायचाही कंटाळा. पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी साखर काठावर आली आहे म्हणून सांगितलं आणि बाहेरचं तळलेलं बंद करा म्हणाले. मी मान हलवली. येताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबलेच.

पण लेकीच्या खाण्याची काळजी मला फार. अभ्यासाच्या ताणात पोरं चिप्स आणि बिस्किटांवर जगतात, असं तिच्या होस्टेलवरच्या बाईंनीच सांगितलं होतं. म्हणून मी रविवारी कढई चुलीवर ठेवायची. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करायची. नावाला तेल, भरपूर कढीपत्ता, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. तीळ, जवस भाजून खजुराबरोबर कुटायचं आणि लाडू वळायचे. मागच्या गल्लीतले एक सर नोकरीसाठी रोज लातूरला ये-जा करायचे. त्यांच्या हाती डबा द्यायची. ते निरोप आणायचे, पोचला म्हणून. लेकीला विचारलं तर म्हणायची, छान झालाय. वळलेल्यातला एक लाडूसुद्धा मी स्वतःसाठी ठेवला नाही. ते तिचं खाणं होतं. माझं खाणं दुकानात मिळत होतं.

दिवाळीनंतर तिचे फोन आणखी तुटक झाले. आवाज बसल्यासारखा वाटला. एका रविवारी सकाळची एसटी धरून मी लातूरला गेले. भेटीची वेळ होती, बाईंनी खोलीत जाऊ दिलं. लेक पुस्तकात डोकं घालून बसली होती. चेहरा सुजल्यासारखा, हनुवटीवर फोड. गादीच्या कडेला कुरकुरीत खाऊची रिकामी पाकिटं कोंबलेली. मी पिशवी ठेवायला खाली वाकले तर कॉटखाली माझे डबे दिसले. ओळीनं मांडलेले. उचलले तर जड लागले. एकाचं झाकण काढलं. लाह्या मऊ पडल्या होत्या, लाडवांना कुणाचा हात लागला नव्हता.

मला आधी रागच आला. एवढं करून पाठवते आणि ही पाकिटं खाते. मी विचारलं, "आवडत नाही तर सांगायचं होतंस की गं."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "आवडतं गं आई. पण डबा उघडला की आपल्या घराचा वास येतो. मग रडू येतं आणि अभ्यास होत नाही. पाकिटाला कसलाच वास नसतो."

मी कॉटवर टेकले. तिला सांगितलं, तुझा फोन ठेवला की मीही तेच करते, पाकीट संपेपर्यंत खाते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू पण?" मग तिनंच एक डबा पुढं ओढला. आम्ही दोघींनी लाडू खाल्ले. ती रडली, मीही रडले. पण खाणं थांबवलं नाही.

निघताना बाजारातून तिला फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ घेऊन दिला. त्याला घराचा वास नव्हता. ते चालेल म्हणाली. उरलेले डबे मी परत आणले.

त्या आठवड्यात संध्याकाळी फोन झाला की मी त्यातलाच एक लाडू घ्यायची. मऊ पडलेल्या लाह्या पुन्हा भाजून घेतल्या. पहिले दोन-तीन दिवस पायात चपला घालून दुकानापर्यंत जाऊन आले. नंतर जाणं कमी झालं. पूर्ण सुटलं असं मी म्हणणार नाही. पण रात्री स्वतःपुरती भाकरी करू लागले आणि साखर काठावरून मागं आली.

तिला एमबीबीएसला लागेल एवढे मार्क मिळाले नाहीत. फिजिओथेरपीला नंबर लागला, तोही नागपूरला. आता ती खूश असते. मैत्रिणी आहेत, फोन तिच्याजवळच असतो, तरी बोलणं आठवड्यातून एखादं होतं. परवा तिनं चिवड्याचं प्रमाण विचारलं. खोलीतल्या मुली मिळून करणार होत्या. मी कढीपत्ता आधी कुरकुरीत करून घे म्हणून सांगितलं. मागं मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "झाला की फोटो पाठवते. ठेवते आता."

मी फोन हातात धरून बसले. बाहेर अजून उजेड होता. भूक लागली नव्हती. मग उठून वाटीभर पीठ परातीत घेतलं आणि पाणी गरम करायला ठेवलं.