नेलपॉलिशनं जोडलेलं गाणं

लेक नेलपॉलिश लावायला बसली की त्या वासानं माझे कान आजही गरम होतात. लहानपणी हरसूलला आमच्या आवडत्या बँडची आमच्याकडे एकच कॅसेट होती. एकदा ती टेपमध्ये गुंतली, तेव्हा ताईनं चुरगळलेली फीत कापून टोकं नेलपॉलिशनं चिकटवली आणि एका गाण्याचं मधलं कडवं गेलं. आम्ही ते तसंच पाठ केलं. पुढे मी कॉलेजात असताना तो बँड नाशकात आला, तेव्हा आम्ही दोघी दुपारपासून मैदानावर जागा धरून थेट स्टेजसमोर उभ्या होतो. ते गाणं लागलं, पहिलं कडवं झालं, वाद्यं थांबली आणि गायकानं माइक लोकांकडे धरला. सगळ्यांनी दुसरं कडवं उचललं. आम्ही दोघींनी, सगळ्यांत मोठ्यानं, शेवटचं. गायक हसत माइकवर म्हणाला, "अहो, एक कडवं वाटेत सांडलं काय?" अख्खं मैदान हसलं. ताई खाली मान घालून पुटपुटली, "आता नुसते ओठ हलव." उरलेला कार्यक्रम आम्ही तसाच काढला. ते कडवं आता मला येतं, पण ओट्याशी एकटी असले की मी ते गाळूनच गुणगुणते, आणि कुणी आलं की गप्प होते.