प्याला कोणी आधी घ्यावा

ही गोष्ट मी माझ्या पत्नीलासुद्धा सांगितली नव्हती. देवापुढेही मी ती कधी उच्चारली नाही — त्याला ती माहीतच आहे, अशी स्वतःची समजूत घालत आलो. एका रविवारी, भरल्या सभेत, मी देवाच्या तोंडी एक खोटे वाक्य घातले. जाणूनबुजून.

जळगावात मी तरुणांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेतो. शेती, लग्न, पैसा, मानपान — जगातली प्रत्येक गोष्ट वचनाच्या उजेडात कशी पाहावी, हे शिकवतो. मनात येणारा प्रत्येक विचार शास्त्राशी ताडून पाहा, असे बजावतो. हे सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. कापायला नको होता का?

आमचे मूळ गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. वडील आणि नानाकाका यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, तेव्हा भाऊबंदांनी आम्हाला पंगतीतून उठवले होते. पुढे आमच्या शेतांवर सालदार म्हणून वर्षभर राबणारी डोंगराकडची आदिवासी कुटुंबेही विश्वासात आली. मंडळी वाढली म्हणून आम्ही आनंदलो — प्रभुभोजनाचा रविवार येईपर्यंत. द्राक्षरसाचा प्याला एकच, तो हातोहात फिरणार. सालदाराने ओठ लावलेला प्याला मालकाने ओठाला कसा लावायचा?

आदल्या दिवशी नाना मला म्हणाले, "दख भाऊ, देव एक शे, कबूल. पन त्यासनं उष्टं माले चालाव नही. काय करशी ते कर."

पाळकसाहेब कोकणातले. ते शुद्ध मराठीत बोलत आणि मी ते सर्वांसाठी अहिराणीत सांगत असे. त्या दिवशी त्यांनी नेमका तोच भाग वाचला — सभेत श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, असा भेद करू नका. नानांची मान खाली गेली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. आणि मी अहिराणीत सांगितले — शास्त्र म्हणते, आधी विश्वासात आलेल्यांनी आधी प्यावे, मागून आलेल्यांनी मागून. ज्याने त्याने देवाने नेमलेल्या जागी बसावे.

पाळकांना अहिराणी कळली नाही. ज्यांना दोन्ही कळत होते, ते आमचेच होते. त्यांच्यापैकी कोणी चकार शब्द काढला नाही. प्याला आमच्याकडून निघाला आणि सर्वांत शेवटी सालदारांकडे गेला. बाहेर नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेस सांगं रे भाऊ." तो हात — सांगायला लाज वाटते — मला तेव्हा सुखाचा वाटला.

वर्षे गेली. नाना गेले, पाळक बदलले. सालदार मागेच बसत राहिले; नव्या पाळकांना ती आमची बसण्याची रीत वाटली. मी गप्प राहिलो. ते वाक्य एव्हाना विरून गेले असेल, असे मी धरून चाललो होतो. अशी वाक्ये विरतात?

गेल्या उन्हाळ्यात मोगराबाईंच्या नातवाचे लग्न झाले. मोगराबाई म्हणजे नानांच्या सालदाराची बायको. आता थकली आहे, मी तिला अक्का म्हणतो. नातसून साक्रीकडची, शिकलेली. पहिल्याच प्रभुभोजनाला — मीही त्यासाठी गावी गेलो होतो — ती पुढच्या रांगेत येऊन बसली आणि पाळकांनी प्याला तिच्यापुढे केला. मागून अक्काने तिचा हात धरला.

"थांब व बाई. आपली पाळी शेवट."

"कोन म्हने?"

"शास्त्रमा शे."

"कोठे शे? माले दखाड बरं!" पोरगी हसत होती; तिला ती सासरची थट्टाच वाटली.

"माले कोठे वाचता येस? भाऊले इचार, त्यासनीच सांगेल शे." मग अक्का अगदी शांतपणे म्हणाली, "मालकनी मांगे बसाडं ते राग येस. देवनी बसाडं, मंग राग कसाना?"

एका रविवारचा तंटा मिटवला, एवढेच मी इतकी वर्षे समजत होतो. आणि तिने — तिने त्या वाक्यावर आपले सगळे जग उभारले होते. तिचा देव मी घडवला होता, आणि तो नानांसारखा होता. त्याच देवाची ती रोज प्रार्थना करत होती. त्याच्याविषयी घरातल्या मुलांना शिकवत होती. आणि — हे मला अजून सहन होत नाही — त्याच्यावर तिचे प्रेम होते.

नातसुनेने आपले शास्त्र माझ्यापुढे उघडे धरले. "दखाडा ना, आबा."

मी पाने उलटू लागलो. कशाला, असे तुम्ही विचाराल. जे तिथे नाही ते शोधण्याचे नाटक करत होतो तोवर तरी मी प्रामाणिक माणूस दिसत होतो ना! पण बोट त्याच भागावर येऊन थांबले, जो मी त्या दिवशी उलटा सांगितला होता. प्याला पाळकांच्या हातात तसाच होता. अक्का माझ्याकडे विश्वासाने पाहत होती.

मी उभा राहिलो. शुद्ध मराठीत बोलणे सोपे गेले असते. पण खोटे मी अहिराणीत बोललो होतो.

"अक्का, बठ्ठासना समोर सांगस. शास्त्रमा आसं काहीच नही. ते देवनी सांगेल नही, मी सांगेल शे. तुमले मांगे बसाडाकरता मी देवना नावखाल खोटं बोलनू. मी चुकनू, अक्का."