वाल सोलण्यासारखा गेम

"वाल सोलण्यासारखा आहे," असं काकू म्हणाल्या की समजायचं, गेम उत्तम आहे. मोड आलेल्या वालाचा एकेक दाणा चिमटीत धरून साल काढत बसायचं, पाठीला रग लागेपर्यंत, आणि मग ते बिरडं जेवताना घटकाभरात संपणार. यात स्तुती आहे हे आमच्या पनवेलकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या दिल्लीच्या बॉसला मात्र ते कधीच कळलं नाही. तो विचारायचा, "म्हणजे स्टार किती?"

मी एका वेबसाइटसाठी 'हा गेम खेळावा का?' छापाचे लेख लिहितो. त्यातही माझ्या वाट्याला आलेले गेम म्हणजे कुणी न ऐकलेले. त्यांत मारामारी नसते. पडद्यावरच्या चित्रात दिसेल त्या वस्तूवर माउसने टिचकी मारायची, सापडेल ते उचलायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोडी सोडवत पुढे जायचं. कुठल्या तरी थंड देशात दोन भावांनी तळघरात बसून ते बनवलेले असतात आणि बहुतेक त्यांच्या आईनेच विकत घेतलेले असतात.

असे गेम खेळायला धीर लागतो. आमच्या धंद्यात तो लागत नाही, कारण आमच्याकडे न खेळताच मत द्यायची पद्धत आहे. 'चित्रं मनमोहक, कोडी मात्र काहींना अवघड वाटतील,' हे वाक्य मी दिसेल त्या गेमला चिकटवत असे. एकदा ज्या गेममध्ये एकही कोडं नव्हतं त्यालाही ते चिकटवलं. त्याच्या कर्त्याने माझे आभार मानले.

काकू आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. हल्ली त्या आणि काका मुलीकडे नाशिकला असतात. काकूंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. त्यांचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो तेव्हा त्या पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. मी सहज एक गेम टाकून दिला. आठवड्यात त्यांनी तो संपवला आणि म्हणाल्या, "जन्मभर भोकांत पिना खुपसून लोकांची लोकांशी गाठ घालून दिली. हे त्यातलंच आहे. आण दुसरा."

तेव्हापासून गेम काकू खेळायच्या आणि लेखाखाली नाव माझं यायचं.

त्यांची परीक्षा कडक होती. अशा गेमचा नायक दुसऱ्याच्या घरात शिरून हाताला लागेल ते खिशात घालतो. जगभरचे खेळाडू याला हुशारी म्हणतात. काकू आधी घरमालकाला गाठून त्याच्याशी सगळं बोलून घ्यायच्या, मगच वस्तूला हात लावायच्या. "न विचारता लोकांचा चिमटा उचलतो मेला. वळण नाही काही." एका गेममधला खानावळवाला काहीही विचारलं तरी एकच वाक्य बोलायचा. सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्या ह्यांना पाण्याच्या टाकीबद्दल विचारून बघ."

'हे' म्हणजे काका, सोसायटीचे सेक्रेटरी. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला सोसायटीला वाहून घेतलं होतं. फळ्यावर रोज नवी सूचना असे आणि टाकी रोज वाहत असे. घरी ते जेवायला आणि झोपायला यायचे. जाता-येता काकूंना म्हणायचे, "डोळे फोडून घेशील एक दिवस."

मग काकूंना काचबिंदू निघाला. त्याचा गेमशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, हेही सांगितलं. काकांनी आपलं ते डोळे फोडायचं वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही.

त्या वेळी काकू एका दीपगृहाच्या गेममध्ये शेवटच्या दारापाशी अडकल्या होत्या. बॉस लेख मागत होता. मी म्हटलं, "काकू, जेवढा झालाय तेवढ्यावर सांगा ना." त्या फणकारल्या, "अर्धवट खेळून मत द्यायला मी काय तुझ्यासारखी आहे?" दार उघडायचंच, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि नजर तर दिवसेंदिवस चालली होती.

म्हणून माउस काकांच्या हातात आला. दुपारी दोघं शेजारी बसायची. काका बघून सांगायचे, काकू हुकूम सोडायच्या. काकांचं सांगणं म्हणजे मीटिंगचा अहवाल. "समोर भिंत. भिंतीवर घड्याळ. घड्याळ बंद अवस्थेत. तक्रार कोणाकडे करायची?" हळूहळू फळ्यावरच्या सूचना बंद झाल्या. बिल्डिंगचं काही बिघडलं नाही. उलट टाकी वाहायची थांबली.

इकडे बॉसच्या तगाद्याने मी आयुष्यात पहिल्यांदाच एका गेमची नीट चौकशी केली. परदेशी खेळाडूंच्या गप्पांत उत्तर मिळालं. बनवणाऱ्यांनी कंटाळून गेम अर्धवटच विकला होता. ते दार उघडत नाही. त्याच्यामागे काही काढलेलंच नाही.

मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने एकही गेम अर्धा सोडला नाही तिची उरलीसुरली नजर या फसवणुकीवर खर्च व्हावी, याचा रागही आला. तडक खाली गेलो. काका आत कॉम्प्युटरसमोर होते, काकू स्वयंपाकघरात चाचपडत चहा गाळत होत्या. मी हळूच सांगून टाकलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "डोळे धड होते तेव्हाच माझं सगळं दाबून झालं होतं."

"मग रोज दुपारी हे कशाला?"

"ह्यांना सांगू नकोस हं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अरे, लग्नानंतर इतकं बोलले नव्हते रे माझ्याशी. परवा समुद्र कसा दिसतो ते सांगत होते. त्यांना वाटतंय दार उघडेल. उठून पुन्हा सोसायटीत जायला लागले तर मी काय करू?"

इतक्यात आतून हाक आली, "अगं, लवकर ये! दाराच्या फटीतून उजेड दिसतोय!"

काकू भिंतीला हात लावत निघाल्या, मी चहाचे कप घेऊन मागोमाग. पडद्यावर दार होतं तसंच होतं, काळंकुट्ट. मी काकांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काकूंसाठी खुर्ची पुढे ओढली.

"कुठल्या बाजूने येतोय उजेड?" काकूंनी बसता बसता विचारलं.

"डावीकडून," काका म्हणाले. "थोडा पिवळसर आहे."